पायांशी वैर

भिंगार, ६ जानेवारी १९९७

विजयमाला,

वर 'प्रिय' लिहायचं राहून गेलेलं नाही. मी ते लिहिलं नाही. इतक्या वर्षांनी पत्र लिहायचं आणि पहिल्याच शब्दाला खोटं बोलायचं, हे मला जमत नाही.

काम आहे म्हणून लिहिते आहे. काम तुझ्या भावाकडे आहे, पण तुझ्या भावाला इंग्रजी येत नाही. तुझ्या अख्ख्या माहेरात ते फक्त तुला येतं, कारण नगरच्या कॉन्व्हेंटमध्ये तू माझ्या शेजारच्या खाटेवर सहा वर्षं काढलीस. सिस्टर फिलोमिना हजेरीला 'जयमाला' म्हणाल्या की तू ओ द्यायचीस आणि 'विजयमाला' म्हणाल्या की मी. तेवढं आठवत असेल तर पुढे वाच.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी माधुरी तुझ्या गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवते. म्हणजे तुझ्या आप्पाच्या संस्थेत. जाऊ नकोस असं मी तिला सांगितलं होतं. पण बी.एड. होऊन घरी बसलेल्या मुलीला आत्याची जुनी दुखणी कुठे परवडतात. येत्या जूनमध्ये ती कायम झाली असती. आज ती निलंबित आहे. चौकशी सत्तावीस तारखेला आहे आणि निकाल काय लागणार ते शाळेचा शिपाईसुद्धा आत्ताच सांगतो.

तिचा गुन्हा ऐक. शाळेच्या स्नेहसंमेलनात आप्पाची नात राजनंदिनी एका राणीचं इंग्रजी स्वगत म्हणणार होती. पोरीला माधुरीनंच तयार केलं होतं. पडद्याआड पोरगी थरथरत होती. माधुरीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, 'ब्रेक अ लेग, राजनंदिनी.' पोरगी हसली, 'थँक यू, मॅडम' म्हणाली आणि रंगमंचावर गेली.

पडद्याआडचा माईक चालू होता. मांडवात बसलेल्या सगळ्या गावानं ते ऐकलं. पुढच्या रांगेत कुणीतरी मुख्याध्यापकांना विचारलं, 'बाई काय म्हनल्या वो?' मुख्याध्यापक सूर्यभान यांना इंग्रजीतून मराठीत काही सांगायची संधी आयुष्यात फार वेळा मिळालेली नसावी. ते मोठ्यानं म्हणाले, 'पाय मोड, म्हणाल्या.'

आणि स्वगत संपायच्या आत रंगमंचाची एक फळी उलटली, राणी खाली गेली आणि तिच्या नडगीचं हाड मोडलं.

फळ्यांना खिळे नव्हते. रंगमंच सूर्यभान यांच्या देखरेखीखाली उभारला होता आणि ते आप्पाच्या बायकोचे भाऊ आहेत. तेव्हा खिळ्यांबद्दल कुणी बोलत नाही. सगळे माधुरीच्या जिभेबद्दल बोलतात.

'ब्रेक अ लेग' म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको. नाताळच्या नाटकाआधी सिस्टर फिलोमिना ते आपल्या प्रत्येकीच्या कानात म्हणायच्या. तू विचारलं होतंस, 'सिस्टर, आमच्यावर का रागावलात?' त्यावर त्या म्हणाल्या होत्या की रंगमंचावर दुष्ट आत्मे टपलेले असतात आणि आपण मागतो त्याच्या उलट देतात, म्हणून वाईट मागायचं. माधुरीला हा वाक्प्रचार मी शिकवला. चांगला शिकवला. पुन्हा शिकवीन.

आप्पाला एवढंच लिही की हा आशीर्वाद आहे. माझ्यावर त्याचा विश्वास बसणार नाही, मी आरोपीची आत्या आहे. तू त्याची बहीण आहेस, आणि पडलेली मुलगी तुझी नात लागते.

जयमाला


भिंगार, १४ जानेवारी १९९७

विजयमाला,

उत्तर नाही. बरं.

आज संक्रांत. तिळगूळ घ्या आणि गोड बोला, असं लोक एकमेकांना सांगत फिरताहेत. माधुरीला आज सकाळी मिळालेलं गोड बोलणं तिनं फोनवर सांगितलं, ते तुला कळवते.

ती ज्यांच्याकडे खोली घेऊन राहते त्या लंकाबाई दारात आल्या. हातात तिळगुळाची वाटी होती, पण त्यांनी उंबरा ओलांडला नाही. म्हणाल्या, 'बाई, तुमी लई चांगल्या. मला काय तुमचा तरास न्हाई. पन माझी सून पोटुशी हाय. तुमच्या तोंडातनं एकांदा शबूद गेला तर मी कुनाला इचारू?' खोली महिनाअखेर मोकळी करायची आहे. दूधवाला आधीच बंद झाला आहे. शाळेच्या फाटकाला कुणी लिंबू-मिरच्या बांधल्या, त्याही ती निलंबनाचा कागद आणायला गेली त्या दिवशी.

गावात तिला आता काळ्या जिभेची म्हणतात. काळी जीभ म्हणजे काय हे कॉन्व्हेंटमध्ये शिकवत नव्हते, पण आपल्या दोघींच्याही आज्यांनी शिकवलं होतं. अशा माणसाचं वाईट बोलणं खरं होतं. त्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत एका बाईंनी, बी.एस्सी. झालेल्या बाईंनी, तिला सहज म्हणून जीभ दाखवायला सांगितली. माधुरीनं चिडून दाखवली. आणि विजयमाला, ती खरंच काळी होती. डॉक्टरांनी तिला लोहाचं टॉनिक दिलं आहे, त्यानं कुणाचीही होते. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या त्या बाईंना हे ठाऊक असायला हवं होतं. त्या किंचाळत बाहेर गेल्या.

परवा तिच्या खिडकीवर दगड आला. काच फुटली. मी म्हटलं, नगरला निघून ये. ती म्हणाली, 'आत्या, मी निघून आले की त्यांनी लावलेला अर्थ खरा ठरेल.' पोरीला हे माझ्याकडूनच आलं आहे, त्यामुळे मला रागावताही येत नाही.

तू गप्प का आहेस हे मी समजू शकते. तुझ्या लग्नात मला गोठ्याशेजारच्या वेगळ्या पंगतीत बसवलं होतं, तेव्हाही तू गप्पच होतीस. बोहल्यावरून पाहिलंस आणि मान वळवलीस. मी भरल्या पानावरून उठले. पुढे मी नेवाशाला शिकवत असताना, माझे वडील गेल्यावर, तुझं पत्र आलं होतं. ते मी न फोडता परत पाठवलं. म्हणजे हिशोब बरोबरीत आहे असं मी समजत होते.

पण एक गोष्ट अजून माझ्याकडे शिल्लक आहे, आणि ती तुला विसरता येणार नाही.

कॉन्व्हेंटच्या बागेत पेरूच्या झाडाखाली तू मला ती सांगितलीस. तुझ्या पाठचे दोन भाऊ पाळण्यातच गेले. तिसरा झाला तेव्हा तो तरी जगावा म्हणून तुझ्या आईनं त्याला सुपात घातला आणि वेशीबाहेर आमच्या वस्तीत, भामाबाईच्या दारात नेऊन ठेवला. भामाबाई म्हणजे माझ्या आईची आई. तुझं गाव माझं आजोळ आहे, हेही तू त्याच दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं कबूल केलंस. भामाबाईनं पोर उचललं, पदराखाली घेतलं आणि 'ह्यो माझा' असं चार बायांसमोर म्हटलं. मग तुझ्या आईनं मूठभर कोंडा देऊन तो परत विकत घेतला. सटवीला वाटावं की हे टाकलेलं, मोलानं आणलेलं पोर आहे, हे नेण्यात काय अर्थ. म्हणून त्याचं नाव कोंडाजी. आप्पासाहेब तो नंतर झाला.

हे सांगून झाल्यावर तू घाबरलीस. माझ्याकडून इंग्रजीत शपथ घेतलीस, कारण तुझ्या मते इंग्रजी शपथ मराठीपेक्षा पक्की. 'क्रॉस माय हार्ट अँड होप टु डाय.' मी छातीवर फुली काढली आणि स्वतःला मरण मागितलं. इंग्रजांनासुद्धा वाईट बोलल्याशिवाय कशाची खात्री वाटत नाही, हे आपल्याला तेव्हाच कळायला हवं होतं.

ती शपथ मी पाळली. गोठ्याशेजारून उठतानाही पाळली. तेव्हा एक वाक्य बोलले असते तर तुझ्या मांडवातले अर्धे पाहुणे उठले असते.

साखर कारखान्याची निवडणूक जवळ आली आहे आणि आप्पा उभा आहे. गावातली चार म्हातारी माणसं सोडली तर हे कुणाला माहीत नाही. सत्तावीस तारखेपर्यंत तू बोलली नाहीस तर मी बोलेन.

ही धमकी आहे. दुसरा अर्थ लावू नकोस.

जयमाला


भिंगार, २१ जानेवारी १९९७

विजयमाला,

काल तुझ्या गावाला जाऊन आले. एसटी उसाच्या ट्रॅक्टरमागे रांगत होती, त्यामुळे विचार करायला भरपूर वेळ मिळाला आणि उतरेपर्यंत माझा राग चांगला तापला होता.

मुख्याध्यापक सूर्यभान यांनी मला खुर्ची दिली. त्यांच्या टेबलावर एक लहान शब्दकोश होता. त्यांनी खुणेचा कागद घातलेलं पान उघडून दाखवलं. 'हे पाहा बाई. ब्रेक म्हणजे तोडणे, मोडणे. लेग म्हणजे पाय. क्रियापद आज्ञार्थी आहे.'

मी म्हटलं, 'आज्ञार्थी आहे हे बरोबर. बाकीचं चूक.'

'शब्दकोश चूक?'

'शब्दकोश बरोबर. तुम्ही चूक. कुणी तुम्हाला म्हणालं की मुख्याध्यापकांनी माझ्या तोंडाला पानं पुसली, तर तुम्ही कोणत्या झाडाची असं विचारता का?'

ते मनापासून म्हणाले, 'ते मराठी आहे बाई. मराठीत तसं चालतं. इंग्रजी ही शास्त्राची भाषा आहे, तिच्यात एका शब्दाला एकच अर्थ असतो.'

माणूस लबाड असता तर मला सोपं गेलं असतं. तो हे खरं मानतो.

मी म्हटलं, 'पोरीनं त्यावर थँक यू म्हटलं. तेही माईकवर सगळ्यांनी ऐकलं. पाय मोड म्हटल्यावर आभार कोण मानतं?'

'राजनंदिनी चांगल्या वळणाची मुलगी आहे. मोठ्यांनी काहीही म्हटलं तरी ती थँक्यू म्हणते.'

मग त्यांनी मला आरोपपत्र वाचायला दिलं. आरोप एक नाही, तीन आहेत. ऑगस्टमध्ये कवायतीच्या रांगेत माधुरी मुलींना म्हणाली, 'शेक अ लेग.' ऑक्टोबरमध्ये एक मुलगा गृहपाठ गाईनं खाल्ला असं सांगत होता, त्याला म्हणाली, 'डोन्ट पुल माय लेग.' आणि डिसेंबरमध्ये हे. पहिल्यात मुलींना पाय हलवायला सांगितले, हे असभ्य. दुसऱ्यात विद्यार्थ्यानं शिक्षिकेचा पाय ओढला असा खोटा आळ घेतला. तिसऱ्यात प्रत्यक्ष मोडला. खाली निष्कर्ष लिहिला आहे, तो जसाच्या तसा देते: 'सदर शिक्षिकेचे पायांशी वैर असल्याचे दिसून येते.'

मी हसले नाही. माधुरी शेजारी बसली होती.

तिथून तुझ्या माहेरच्या बंगल्यावर गेले. राजनंदिनीला भेटायचं होतं. फाटकावरच्या माणसानं नाव विचारलं, मी सांगितलं, तो आत जाऊन आला आणि म्हणाला, 'ताई झोपल्यात.' वरच्या खिडकीतून ताई स्वतःच हात हलवत होत्या. राजनंदिनी ओरडून म्हणाली, 'मॅडमना सांगा, मला अर्थ माहीत होता. मी आजोबांना सांगितलं पन ते म्हनतात तू ल्हान हायेस.' मग आतून कुणीतरी खिडकी लावून घेतली.

म्हणजे ज्या पायासाठी हा सगळा खटला आहे, त्या पायाच्या मालकिणीची तक्रार नाही. आणि तिची साक्ष कुणी घेणार नाही.

सहा दिवस उरले आहेत. तुझ्या पत्राची वाट पाहणं मी सोडून दिलं आहे. पोस्टमन आला की मी मुद्दाम आत जाते.

जयमाला


भिंगार, २८ जानेवारी १९९७

विजयमाला,

काल चौकशी झाली. तुझ्या भावाकडून तुला एक बाजू कळेलच. ही दुसरी.

शाळेच्या कार्यालयात तिघे बसले होते. मधे आप्पा, एका बाजूला सूर्यभान, दुसऱ्या बाजूला संस्थेचे वकील. माधुरीला भिंतीलगतच्या बाकावर बसवलं होतं. तिच्याकडे कुणी सरळ पाहत नव्हतं. ती बोलायला तोंड उघडायची तेव्हा वकिलांचा हात टेबलाखाली जायचा. त्यांनी मुठीत काहीतरी धरलं होतं, अंगारा असावा.

आप्पा म्हणाला, 'बसा बाई. चहा घ्या.' त्यानं मला ओळखलं नव्हतं. कशाला ओळखेल, तुझ्या लग्नात तो मुंडावळ्यांच्या गर्दीत पेढे खात होता.

वकिलांनी तिन्ही आरोप वाचले. मी प्रत्येकाचा अर्थ सांगितला. शेक अ लेग म्हणजे पाय उचला, चला लवकर. डोन्ट पुल माय लेग म्हणजे माझी चेष्टा करू नकोस. सूर्यभान प्रत्येक वेळी शब्दकोश उघडायचे आणि मान हलवायचे.

शेवटी मी शब्दकोश सोडून आप्पाकडे वळले. म्हटलं, 'आप्पासाहेब, परवाच्या सभेत तुम्ही म्हणालात की विरोधकांना पाणी पाजू. मग किती हंडे नेले होते?'

तो हसला. 'बाई, ती बोलायची रीत हाय.'

'हीसुद्धा बोलायची रीत आहे.'

'पन पानी पाजू म्हनल्यावर कुनी बुडून मेलं न्हाई. हितं माझ्या नातीचा पाय मोडलाय. रात सारी वरडत हुती पोर.'

नडगीचं हाड खरं होतं आणि माझं सगळं इंग्रजी त्याच्यापुढे हवेतलं होतं. बाकावरून माधुरीनं माझ्याकडे पाहिलं. हरलो की काय, एवढंच त्या नजरेत होतं.

मी विचारलं, 'वहिनींची बांगडी फुटली तर घरात काय म्हणता?'

'वाढली म्हनतो.'

'फुटली का म्हणत नाही?'

'सवाशीन बाईची बांगडी, फुटली कसं म्हनायचं? अशुभ हाय.'

'घरातून निघताना जातो म्हणता का?'

'येतो म्हनतो. बाई, मला कळलं तुमचं. आमी बी उलटं बोलतो. पन आमी वाईटाला चांगलं म्हनतो. तुमच्या पोरीनं चांगल्या टायमाला वाईट बोललं. हे आमच्यात न्हाई.'

विजयमाला, तुझा भाऊ हुशार आहे. मुख्याध्यापक, वकील आणि मी, आम्हा कुणालाच न दिसलेला नेमका फरक त्याला दिसला. आणि त्यानं स्वतःच दार उघडलं.

मी म्हटलं, 'तुमच्यातही आहे. फार आवडतं पोर असतं, त्याला कुणाची नजर लागू नये, देवानं नेऊ नये, म्हणून त्याला वाईट नाव देतात. दगड म्हणतात. उकिरडा म्हणतात. कोंडा म्हणतात.'

शेवटचा शब्द मी जरा सावकाश उच्चारला.

आप्पानं कपबशी खाली ठेवली. सूर्यभान म्हणाले, 'ते अडाणी लोकांत असतं बाई.' आप्पानं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते खुर्चीत मागे सरकले.

'सूर्यभान, वकीलसाहेब, भाईर चहा घ्या जरा.'

'साहेब, चहा इथंच आलाय.'

'भाईर घ्या. पोरीला बी द्या.'

दार लागलं. आप्पा 'तुम्ही' सोडून 'तू'वर आला.

'भामाबाईची तू कोन?'

'नात. लेकीची लेक.'

'मंजी...'

'म्हणजे तुम्ही माझे मामा लागता. माझ्याहून लहान असलात तरी.'

'कुनी सांगितलं तुला? विजूताईनं?'

मी म्हटलं, 'माझ्या आजीनं.' हे खोटं होतं. भामाबाई मरेपर्यंत या विषयावर एक शब्द बोलली नाही. पण तुझं नाव मी घेतलं नाही, हे तुला कळायला हवं.

मग तो जे बोलला ते मला अपेक्षित नव्हतं. 'दिवाळीला आई मला गव्हाचं गठुडं दिऊन धाडायची. म्हनायची, तुज्या दुसऱ्या आयला दिऊन ये. म्हातारी दारात बसल्याली असायची. हात लावायची न्हाई मला, नुसती बघायची. म्होठ्या साळंत गेल्यावर मी बंद केलं. आईनं न्हाई, मी.'

मला त्या क्षणी त्याला काहीतरी चांगलं म्हणावंसं वाटलं. पण बाहेर बाकावर माधुरी बसली होती. तेवढ्यात तो पुन्हा आप्पासाहेब झाला.

'निवडणूक तोंडावर हाय. कितीजनांला सांगनार हायेस?'

'माधुरीला जूनमध्ये कायम केलंत तर कुणालाच नाही.'

'म्हंजी तू मला मामा बनवतीस.'

'मामा तुम्ही सुपात होतात तेव्हापासून आहात.'

तो हसला नाही, मीही हसले नाही. त्यानं दार उघडलं आणि दोघांना आत बोलावून सांगितलं की ही सगळी भाषेची गफलत आहे, निलंबन मागे घ्या, जूनची ऑर्डर तयार करा, आणि सूर्यभान, पुढल्या टायमाला फळ्यांला खिळं ठोका. वकिलांनी कागदावर एक वाक्य मात्र घातलंच: 'सदर शिक्षिकेने यापुढे वर्गात पाय या अवयवाचा उल्लेख शक्यतो टाळावा.'

बाहेर आल्यावर माधुरीनं विचारलं, 'आत्या, तुम्ही त्यांना काय सांगितलंत?'

मी म्हटलं, 'वाक्प्रचाराचा अर्थ.'

ती रडली आणि मग इतकी हसली की शिपायानं पाणी आणलं. लंकाबाई तिला म्हणाल्या, 'ऱ्हावा बाई. पन सून समूर आली की तोंड मिटून हसा.'

मी एसटीत बसले आणि माझा संताप उतरेना. जिंकले, पण अर्थ कुणालाच पटला नाही. कदाचित आप्पाला पटला असेल, कोंडा हा शब्द ऐकायच्या आधीचा एखादा क्षण. पण त्या क्षणावर मी विसंबले नाही. मी त्याला घाबरवलं, आणि तो घाबरला म्हणून माधुरीची नोकरी राहिली. चाळीस वर्षं मी मुलांना शिकवलं की शब्द नीट समजावून दिला की माणूस समजतो. काल मी समजावता समजावता हत्यार काढलं.

शपथेचं म्हणशील तर मी त्याला त्याचीच गोष्ट सांगितली, त्यात कसली मोडली. असं मी रस्ताभर स्वतःला सांगत होते. सिस्टर फिलोमिना असत्या तर त्यांनी पट्टी काढली असती.

तुझी मदत न घेता झालं, हे तुला कळवावं म्हणून हे पत्र. पुन्हा लिहिणार नाही.

जयमाला


भिंगार, ३१ जानेवारी १९९७

विजू,

तुझं पोस्टकार्ड आज आलं.

त्यावर पत्ता नेवाशाचा आहे. मी जिथून तुझं पत्र परत पाठवलं होतं, त्याच घराचा. तिथल्या कुणा भल्या माणसानं तो खोडून शाळेचा घातला, शाळेनं तो खोडून भिंगारचा. कार्डावर आता लिहायला जागा उरलेली नाही. तुझा शिक्का सतरा तारखेचा आहे.

मी माझी पत्रं पुन्हा आठवून पाहिली. चारही पत्रांच्या वर मी नुसतं 'भिंगार' लिहिलं. घराचं नाव नाही, गल्ली नाही. हिला उत्तर द्यायचं असेल तर शोधेल, असा माज होता. तू शोधलंस. तुझ्याकडे होता तोच एक पत्ता तू घातलास, आणि मी इकडे पोस्टमन आला की आत जाऊन बसत होते.

आणि मजकूर काय, तर चार शब्द. मराठी अक्षरात लिहिलेले, म्हणजे पोस्टमननंही वाचले असतील. 'ब्रेक अ लेग, जया.'

मी सकाळपासून ते कार्ड घेऊन बसले आहे. अख्ख्या गावाला मी मूर्ख ठरवलं, कारण त्यांना या तीन शब्दांचा अर्थ लागला नाही. मुख्याध्यापकांना मी शब्दकोशावरून टोमणे मारले. आता मला तो लागत नाही.

माझं धमकीचं पत्र तुला पंधराला किंवा सोळाला मिळालं असणार. ते वाचून तू हे लिहिलंस. तेव्हा हे पडद्याआडून, पाठीवर हात ठेवून म्हटलेलं असू शकतं, जा आणि त्यांना ऐकव, माझी संमती आहे. किंवा तू शब्दकोशातलाच अर्थ घेतला असशील, आणि भावाच्या बहिणीला तो घ्यायचा हक्क आहे. पेरूच्या झाडाखाली दिलेला शब्द वर काढून तो टेबलावर ठेवायला निघालेल्या बाईला आणखी काय म्हणायचं.

शेवटी 'जया' लिहिलं आहेस. या नावानं मला आता कुणी हाक मारत नाही. पण रागावलीस तरी तू 'जया'च म्हणायचीस, त्यामुळे त्याचाही उपयोग नाही.

राजनंदिनीचं प्लास्टर फेब्रुवारीअखेर निघेल. माधुरी कालपासून शाळेत जाते आहे, दूधवाला परत आला. माझे दोन्ही पाय अजून जागेवर आहेत, पण आज जिना उतरताना मी कठडा धरून उतरले.

वर पूर्ण पत्ता घालायचा पुन्हा राहिला, म्हणून खाली घालते. मशिदीमागची गल्ली, पिवळं दुमजली घर, वरचा मजला. कोणत्या अर्थानं लिहिलंस ते कळव, किंवा येऊन सांग. आलीस तर जिन्याची चौथी पायरी हलते. तिला अजून खिळा ठोकलेला नाही.

जया